आधी पाटी

२१ एप्रिल. आजचं काम एकच. भाऊंचा एक फोटो शोधायचा, मोठा करायचा आणि फ्रेममध्ये बसवायचा. उद्या सकाळी त्यांच्या घरी पुण्यानुमोदनाचा, म्हणजे त्यांच्या आठवणीचा, कार्यक्रम आहे, तिथं तो टेबलावर ठेवायचा आहे. तीस-बत्तीस वर्षं या माणसानं मेहकर आणि आजूबाजूच्या खेड्यांतल्या लग्नांचे फोटो काढले. त्यांचा स्वतःचा फोटो शोधायला मी सकाळपासून कॉम्प्युटरसमोर बसले आहे.

भाऊ आमच्या स्टुडिओचे फोटोग्राफर. आमच्या भागातलं एखादं लग्न तुम्ही जेवलेले असाल, तर तुम्ही त्यांना पाहिलंच असेल. पांढरा शर्ट, पायात चपला, गळ्यात दोन गोष्टी: पट्ट्याला कॅमेरा आणि पायजम्याच्या नाड्याला एक राखाडी पुठ्ठा. नवरा-नवरी उभे राहिले, करवल्या नीट झाल्या, सगळ्यांनी चेहरे हसरे केले की भाऊ डावा हात वर करायचे, चौकातल्या पोलिसासारखा.

"थांबा. आधी पाटी."

मग तो पुठ्ठा ते नवरीच्या हनुवटीखाली धरायला लावायचे. एक फोटो काढायचे, कॅमेऱ्याची दोन बटणं दाबायचे आणि पुठ्ठा परत गळ्यात. तोपर्यंत लोकांचं हसू वाळून गेलेलं असायचं.

पुठ्ठा म्हणजे वहीच्या पानाएवढं राखाडी कार्ड. भाऊ त्याला पाटी म्हणायचे, म्हणून आम्हीही पाटीच म्हणायचो. त्याचा उपयोग काय हे मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. "कॅमेऱ्याले अक्कल नाही, बाई. त्याले सांगा लागते." कॅमेरा समोरचं सगळं जग मध्यम राखाडी आहे असं धरून चालतो. समोर पांढरं जास्त आलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो फोटो अंधारा करून टाकतो. काळं जास्त आलं की उलट. पाटी धरून उजेड मोजला की तो फसत नाही. रंगाचंही तसंच. मांडवाचं कापड गुलाबी असलं की नवरी, नवरा, भटजी, पंगतीतला भात, सगळं गुलाबी येतं. पाटी दाखवली की कॅमेऱ्याला कळतं, हा गुलाबी रंग मांडवाचा आहे, माणसांचा नाही.

बायकांनी मात्र त्याचा वेगळाच अर्थ लावला होता. त्यांना वाटायचं, हे नवरीची नजर काढतात. एका खेड्यात नवरीची आजी काठी टेकत आली आणि भाऊंना म्हणाली, "माह्या नातीची नजर काढली का, बाप्पा?"

"काढली ना, आजी. कॅमेऱ्याची काढली."

म्हातारीचं समाधान झालं. पुढं त्या गावात दुसरा फोटोग्राफर गेला तर बायका त्याला विचारायच्या, तुमची पाटी कुठं आहे म्हणून.

अकरा वर्षांपूर्वी मी हा स्टुडिओ विकत घेतला. नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, माझी टायपिंगची आणि कॉम्प्युटरची इन्स्टिट्यूट होती, ती बसत चालली होती. कॅमेऱ्यातलं मला काही कळत नव्हतं. जुना मालक नागपूरला मुलाकडे निघाला होता. त्यानं मला सामान मोजून दिलं: दोन दिवे, तीन पडदे, एक फिरतं स्टूल. मग कोपऱ्यात लेन्स पुसत बसलेल्या माणसाकडे हात केला आणि म्हणाला, "आणि हे भाऊ." जणू तेही यादीत होते. भाऊंनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, पडदे धुवा लागतीन." मी म्हटलं, हा माणूस कामाचा आहे.

चार दिवसांनी "मॅडम"चं "बाई" झालं. गिऱ्हाईक समोर असलं की मात्र परत "मॅडम".

पाटीचं खूळ त्यांना कुठून लागलं, हे मला त्यांच्या बायकोनं सांगितलं. मी त्यांना वहिनी म्हणते. त्यांच्या घरी भिंतीवर दोघांच्या लग्नाचा फोटो आहे. बौद्ध पद्धतीचं लग्न, वहिनींच्या अंगावर पांढरी साडी, भाऊंचा पांढरा सदरा, मागं सगळी माणसं पांढऱ्या कपड्यांत. फोटोवाल्यानं कॅमेऱ्याचं ऐकलं. सगळं लग्न भांडी घासलेल्या पाण्यासारखं आलं. "नवी कोरी साडी होती," वहिनी म्हणाल्या. "आईनं दुकानातून एवढी पाहून पाहून आनली. आन् फोटोत पाहा, दहा वर्षं वापरल्यावानी दिसते." भाऊ तेव्हा फोटोग्राफर नव्हते, एका स्टुडिओत झाडू मारायचे आणि प्रिंट धुवायचे. ते म्हणायचे, त्या साडीपायी मी हा धंदा शिकलो. वहिनी म्हणायच्या, मग साडी तरी दुसरी घेऊन द्यायची.

भाऊंचा चेष्टेखोरपणा कोरडा होता. कोणी म्हणालं, भाऊ, जरा गोरी करा हो आमची पोरगी, तर ते पाटी पुढं करायचे. "हिले विचारा. ही म्हनीन तशी करतो." कोणी वाद घालायला लागलं की म्हणायचे, "तुमची पोरगी चांगली दिसते, दादा. तुम्हाले दिसत नसंन तं तो माहा दोष नाही."

ते मला शिकवायचे नाहीत, पण मी शिकत होते. ते फोटो आणायचे, मी कॉम्प्युटरवर अल्बम लावायची. त्यांच्या फोटोंना रंग दुरुस्त करायची वेळ कधी यायची नाही. लग्नात शंभर फोटो असोत की हजार, पहिला फोटो पाटीचा आणि मग सगळे एका रंगाचे. मी त्यांना एकदा म्हटलं, भाऊ, तुमच्यामुळे माझं अर्धं काम वाचतं. ते म्हणाले, "मंग अर्ध्या टायमात चहा सांगत जा."

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसले, ती सांगते.

तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात लागोपाठ लग्नं होती. एका खेड्यात शेतकऱ्याच्या घरची हळद, आणि दुसऱ्या दिवशी मेहकरमध्येच मंगल कार्यालयात एक बौद्ध लग्न. या दुसऱ्या लग्नातले मुलीचे वडील एस.टी.त कंडक्टर. महिनाभर आधी ते स्वतः स्टुडिओत आले होते. म्हणाले, "मोठीच्या लग्नात फोटोवाल्यानं आम्हा सगळ्यायले मळकट करून ठेवलं, मॅडम. आमच्या इकडं सगळे पांढऱ्यात राह्यतात. बारकीच्या लग्नात पांढरं ते पांढरं दिसलं पायजे. म्हणून भाऊकडं आलो." भाऊ शेजारी उभे होते. त्यांनी नुसती पाटीवर टिचकी मारली.

हळदीत मावश्यांनी फोटोग्राफरला सोडायचं नाही, ही आपल्याकडची रीतच. भाऊ एरवी हळदीला पाटी शर्टाच्या आत घालायचे. त्या दिवशी उकाड्यानं शर्टाची दोन बटणं उघडी, पाटी बाहेर. नवरीच्या मावशीनं दोन्ही हात भरून आणले, भाऊंच्या गालाला लावले आणि उरलेली हळद पाटीला पुसली. सगळे हसले. भाऊही हसले. रुमालानं पाटी पुसली आणि कामाला लागले. त्या हळदीचे फोटो चांगले आले, कारण पाटीचा फोटो आधीच झाला होता.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला कार्ड दिलं. कॅमेऱ्यातलं. मी फोटो उघडले. भाऊ माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. असे ते कधी उभे राहायचे नाहीत, पण हे लग्न वेगळं होतं.

पडद्यावर सगळं लग्न निळं होतं. थोडंथोडकं नाही. नवरीची साडी, नवऱ्याचा सदरा, आजीचं लुगडं, भंतेजींच्या मागची पांढरी चादर, सगळं नीळ जास्त झालेल्या धुण्यासारखं. माणसांचे चेहरे थंडीत कुडकुडल्यासारखे. मी काही बोलणार, तेवढ्यात मागून भाऊ म्हणाले,

"पाहा, बाई! पांढरं कसं पांढरं आलं!"

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं, चेष्टा करतात. चेष्टा नव्हती. तोंडावर असा आनंद होता की मी परत पडद्याकडे वळले.

"भाऊ, ही साडी कोणत्या रंगाची दिसते?"

"पांढरी. दुधासारखी. काऊन?"

"पाटी दाखवा."

त्यांनी गळ्यातून काढून दिली. उन्हात धरली तर मधोमध हळदीचा हात दिसत होता. पुसलेला, फिकट, पण लहान पोरानंही ओळखला असता. कॅमेऱ्याला आपण पिवळी पाटी दाखवून सांगितलं होतं, ही राखाडी आहे. त्यानं विश्वास ठेवला आणि सगळ्या लग्नातलं पिवळं काढून घेतलं.

"ही कोणत्या रंगाची आहे?"

"राखी." मग माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाले, "नाही काय?"

मी पाटी परत दिली. ते बाकावर जाऊन बसले. मग त्यांनीच सांगितलं. दोन वर्षं झाली होती. मोतीबिंदू. सगळं जुन्या कागदासारखं दिसायचं, पिवळट; म्हणून निळं लग्न त्यांना पांढरं दिसलं आणि पाटीवरची हळद दिसलीच नाही. रात्री दिव्याभोवती कडं यायचं. फोटो काढायला अडचण येत नव्हती, कारण कॅमेरा स्वतःच नेमकं करून घेतो आणि रंगांचं काम पाटी करते.

"मले जे दिसते ते खोटं हाये हे मले मालूम होतं, बाई. पन पाटी खोटं सांगत नाही. म्हणून तिच्या भरवशावर चालून राह्यलो होतो."

"मला सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तं तुम्ही कॅमेरा काढून घेतला असता."

खोटं नव्हतं. मी काढून घेतला असता.

फोटो मी दुरुस्त केले. नवरीच्या साडीचा एक कोपरा पांढरा धरून त्यावरून सगळं मागं आणलं. दोन दिवस लागले. मधेच कंडक्टरसाहेब आपल्या आईला घेऊन अल्बमचे फोटो निवडायला आले, तेव्हा काही फोटो अजून निळेच होते. आजींनी दोन्ही प्रकार पाहिले आणि निळ्यावर बोट ठेवलं. "हे काऊन बदलवून राह्यली वं? निळंच राहू दे. निळा तं आपलाच रंग हाये." कंडक्टरसाहेब खो खो हसले. त्यांना वाटलं, मी काही नवीन डिझाइन करून दाखवते आहे. भाऊ काउंटरच्या मागं खाली वाकून अल्बमचा खोका शोधत होते. खोका टेबलावरच होता.

त्या संध्याकाळी भाऊंनी पाटी साबणानं धुतली. हळदीला साबण लागला की काय होतं हे कोणत्याही बाईला माहीत असतं. पाटी लाल झाली आणि फुगली. मी नवी मागवली, प्लॅस्टिकची, धुता येणारी. भाऊ म्हणाले, "एवढे दिवस अशी काऊन नाही आनली?" मी म्हटलं, तुम्ही मागितली नाही. आम्ही दोघांनीही विषय तिथंच सोडला.

मी त्यांना सरळ सांगितलं: ऑपरेशन होईपर्यंत लग्नाला मी जाईन, तुम्ही सोबत या. ते म्हणाले, "तुम्ही? कॅमेरा धरता येते का?" मी म्हटलं, शिकवा. त्यांनी शिकवलं. शिकवायची त्यांची पद्धत म्हणजे मी चुकले की सुर्रकन नाक ओढायचं. चांगला फोटो आला की काहीच नाही. महिनाभरात नाक ओढणं कमी झालं.

ऑपरेशन ते टाळत राहिले. सीझन होऊ द्या, पेरण्या होऊ द्या, पोळा होऊ द्या. शेवटी वहिनी आणि मी दोघींनी मिळून त्यांना डोळ्यांच्या शिबिराला नेलं. एक डोळा झाला. दहा दिवसांनी काळा चष्मा लावून दुकानात आले, चष्मा काढला आणि दारातच थांबले.

"हे भिंत कवा रंगवली?"

"दीड वर्ष झालं, भाऊ. तुमच्यासमोरच."

"आकाशी हाये?"

"आकाशीच आहे."

"मी बदामी समजत होतो." मग ते बाकावर बसले आणि एक-एक डोळा मिटून दुकान पाहू लागले. उजवा मिटला, डावा मिटला. "ह्या डोळ्यानं पाहिलं तं जुनं दुकान. ह्या डोळ्यानं पाहिलं तं नवं. दोन्ही उघडले की तुमचं दुकान." दिवसभर हाच खेळ. गिऱ्हाइकांना वाटलं, भाऊ डोळे मारायला शिकले.

दुसरा डोळा पुढच्या थंडीत करायचा होता. तो राहिला.

दिवाळी झाली, तुळशीची लग्नं जवळ आली. आमचा सीझन तिथून सुरू होतो. एके दुपारी भाऊ लेन्स पुसता पुसता, माझ्याकडे न पाहता म्हणाले, "बाई, यंदा कॅमेरा कोनाकडं राहीन?"

आता तुम्ही म्हणाल, डोळा बरा झाला होता, हात थरथरत नव्हता, कॅमेरा त्यांचा होता. बरोबर आहे. माझ्याकडे कारणं होती. बायका मला नवरीच्या खोलीत बिनधास्त बोलवत होत्या, तयारीचे फोटो मागत होत्या. दोन-चार लग्नं माझ्या नावावर ठरली होती. ही कारणं खरी होती. पण त्यांच्याखाली आणखी एक होतं. मला ते काम आवडायला लागलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा लोक माझ्याकडे पाहून नीट उभे राहत होते.

मी म्हटलं, "माझ्याकडे. तुम्ही पाटी धरा."

भाऊ म्हणाले, "बरं." आणि नाडा गळ्यात घातला.

त्यानंतर दोन सीझन आणि तिसऱ्याचा अर्धा. प्रत्येक लग्नात नवरी यायच्या आधी भाऊ तिच्या जागेवर उभे राहायचे, पाटी हनुवटीखाली धरायचे, मी फोटो काढायची. लोकांना त्यांनी कधी जाणवू दिलं नाही. कोणी विचारलं, भाऊ, कॅमेरा कुठं गेला? तर म्हणायचे, "डॉक्टरनं वजन उचलू नका म्हणून सांगितलं." पाटी धरून सूचना मात्र त्याच. उजेड एक कमी करा. खिडकीकडून या. पाव्हण्यांना हलू द्या, मग काढा. मी कधी त्यांना म्हटलं नाही की आजचं लग्न तुम्ही करा. त्यांनी कधी मागितलं नाही. दरवेळी निघताना कॅमेऱ्याची बॅग मात्र तेच उचलायचे, आणि गाडीत मांडीवर घेऊन बसायचे.

मागच्या आठवड्यात ते गेले. सकाळी चहा पिऊन कप खाली ठेवला आणि उठलेच नाहीत. डोळ्यांचा काही संबंध नव्हता.

आज सकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला. तो पुण्याला कंपनीत असतो. म्हणाला, "काकू, बाबांचा कॅमेरा हातात घेतलेला एखादा चांगला फोटो फ्रेम करून द्या. आईची तशी इच्छा आहे."

शोधते म्हटलं. दुपारपर्यंत सगळ्या लग्नांची फोल्डरं उघडली. कॅमेरा माझ्याकडे आल्यापासूनच्या प्रत्येक फोल्डरमध्ये पहिला फोटो भाऊंचा. एवढे फोटो माझ्या नवऱ्याचेही नाहीत. सगळ्यांत पाटी. कॅमेरा एकाही नाही.

मुलाला फोन केला. "कॅमेऱ्याबरोबरचा फोटो नाही."

"एकही नाही? एवढी वर्षं?"

"कॅमेरा त्यांच्या हातात होता तेव्हा त्यांचा फोटो काढायला कोणी नव्हतं. आणि नंतर तो माझ्या हातात होता."

मग म्हणाला, "आहेत ते पाठवा." पाच-सहा पाठवले. त्याचा परत फोन आला. "हे कैद्यासारखं वाटतं, काकू. ती पाटी काढून कॅमेरा नाही का लावता येणार? कॉम्प्युटरवर?"

येतो ना. आम्ही ते रोज करतो. गेलेल्या माणसाला कोट चढवतो, फेटा बांधतो, मिटलेले डोळे उघडतो. ज्यानं जन्मात टाय पाहिला नाही त्याला टाय लावून देतो, आणि घरचे म्हणतात, अगदी तसेच दिसतात. मी पाटी काढली, कॅमेरा बसवला. तासभर खटपट केली. पण भाऊंनी पाटी दोन्ही बाजूंनी, बोटांच्या टोकांनी धरलेली. कॅमेरा पेढ्याच्या डब्यासारखा धरलेला दिसत होता. ज्यानं तीस वर्षं कॅमेरा धरला, त्याला कॅमेरा धरता येत नाही असं वाटत होतं. पुसून टाकलं.

मग एक-एक फोटो नीट पाहिला. सुरुवातीच्या फोटोंत ते लेन्सकडे पाहतच नाहीत. माझ्या हातांकडे पाहतात, बटणांकडे. तोंड उघडं, काहीतरी सांगताहेत. एका फोटोत मान वळलेली, एक डोळा मिटलेला, मागचा पडदा नव्या डोळ्यानं तपासताहेत. या वर्षीच्या फोटोंत तोंड बंद आहे आणि ते सरळ लेन्समध्ये पाहतात, फोटो काढून घेणारा माणूस पाहतो तसे. हे फोटो जास्त चांगले आहेत. फ्रेमला शोभतील असे. मला ते बघवेनात.

मी आधीचा एक घेतला. तोंड उघडं, नजर माझ्या हातावर. "एक कमी करा" म्हणताहेत. मी नक्की सांगू शकते, कारण फोटो जरा जास्त उजळ आहे. तो मी एकनं कमी केला. बोलतानाचा फोटो फ्रेमला चांगला दिसत नाही, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगते. पाटी ठेवली. कापली नाही. मुलाला काय सांगायचं ते उद्या पाहू.

संध्याकाळी प्रिंट काढली, काच पुसली, मागं खिळे मारले.

२२ एप्रिल. सकाळी आठ वाजता फ्रेम घेऊन त्यांच्या घरी गेले. मुलगा दारातच भेटला. त्यानं कागद सोडला आणि पाहिलं. फ्रेम आत नेऊन टेबलावर ठेवली. वहिनी मेणबत्त्या लावायची तयारी करत होत्या. हात पदराला पुसून त्या जवळ आल्या, वाकल्या, बराच वेळ पाहत राहिल्या. मला वाटलं, त्या कॅमेऱ्याचं विचारतील. मी उत्तर तयार ठेवलं होतं.

"शर्ट पांढरा आला," त्या म्हणाल्या.

"हो."

"मीच धुतला होता तो." मग त्यांनी भिंतीवरच्या त्या जुन्या लग्नाच्या फोटोकडे एकदा पाहिलं आणि फुलं मांडायला लागल्या.

कार्यक्रमाला थांबता आलं नाही. साडेअकराचं लग्न होतं, वऱ्हाड फोटोग्राफरसाठी थांबत नाही. बॅग मीच उचलली. कार्यालयात पोचले तेव्हा स्टेज तयार होतं, मागं लाल-पिवळा पडदा, वर निळे दिवे. चांगलीच खिचडी. नवरी अजून यायची होती. मी सवयीनं डावा हात वर केला आणि म्हटलं, "थांबा. आधी पाटी." स्टेजवर कोणी नव्हतंच.

कॅमेरा खुर्चीवर ठेवला, खाली दोन पाट घातले, दहा सेकंदांचा टायमर लावला आणि पाटी घेऊन नवरीच्या जागेवर जाऊन उभी राहिले. हनुवटीखाली धरली. दिवा लुकलुकला, खटका वाजला.

जाऊन पाहिलं. माझं डोकं कापलं गेलं होतं. पाटी मात्र पूर्ण आली होती. तेवढं पुरे होतं. मी दोन बटणं दाबली आणि नवरीला बोलवा म्हणून सांगितलं.